दुखत नाही, मग दाखवायची कशाला? चरबीच्या गाठींविषयी थोडं मोकळेपणानं

अंघोळ करताना दंडावरून साबणाचा हात फिरतो आणि कातडीखाली काहीतरी गोल, मऊ लागतं. कधीपासून आहे, आठवत नाही. दुखत नाही. दाबलं तर बोटाखालून सटकतं.

इथून पुढे माणसं दोन वाटांनी जातात. एक जण त्याच रात्री मोबाइल घेऊन बसतो आणि पहाटेपर्यंत आपल्याला कॅन्सर झाल्याचं ठरवूनही टाकतो. दुसरा म्हणतो, "दुखत तर नाही ना, मग राहू दे." आणि पाच वर्षं कोणाला दाखवत नाही. माझ्या ओपीडीत दोघेही येतात. पहिल्याची झोप गेलेली असते, दुसऱ्याचा वेळ. आजचा लेख दोघांसाठी आहे.

ही गाठ म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडची जुनी माणसं अशा गाठीला आवाळू म्हणतात. आम्ही डॉक्टर लायपोमा म्हणतो. आपल्या कातडीखाली सगळीकडे चरबीचा एक थर असतो. त्यातल्या काही पेशी एका जागी वाढून गोळा होतात आणि त्याभोवती पातळ पापुद्र्यासारखं आवरण तयार होतं. पापुद्र्यातली चरबी, एवढीच ही गाठ. साधारण शंभरातल्या एका माणसाला ती असते, आणि चाळिशी ते साठीच्या दरम्यान जास्त दिसते. मान, खांदा, पाठ, दंड, मांडी या तिच्या नेहमीच्या जागा.

हाताला ती मळलेल्या कणकेच्या गोळीसारखी लागते. वरची कातडी चिमटीत सहज उचलता येते, कारण गाठ कातडीला चिकटलेली नसते. कडेवर बोट दाबलं की ती निसटते. बहुतेक गाठी दोन-तीन सेंटिमीटरच्या असतात आणि वर्षानुवर्षं अगदी हळू वाढतात.

तूप खाल्ल्यानं झाली का? नाही. बारीक माणसालाही होते. वजन कमी केलं तर जिरेल का? तीही नाही. या गाठीतली चरबी शरीर उपासमारीतसुद्धा वापरत नाही. उलट आजूबाजूची चरबी कमी झाली की गाठ अधिक उठून दिसते, आणि रुग्ण सांगतो, "डॉक्टर, डाएट केलं आणि गाठ वाढली!" काही घराण्यांत वडील, काका, मुलगा अशा अनेकांच्या अंगावर दहा-वीस गाठी असतात. तिथे ती प्रवृत्ती आनुवंशिक असते. अनेक लायपोमांच्या पेशींमध्ये १२व्या गुणसूत्रावर बदल आढळतात, तेव्हा यात तुमच्या खाण्यापिण्याचा दोष शोधत बसू नका.

माझ्या हातावरची गाठ

माझ्या डाव्या कोपराच्या खाली अशी एक गाठ आहे. गेली आठ वर्षं आहे. मी सर्जन आहे, अशा कितीतरी गाठी माझ्या हातांनी काढल्या आहेत. तरी ती पहिल्यांदा लागली तेव्हा दोन दिवस दर तासाला माझं बोट तिथे जात होतं. लक्षणं सगळी लायपोमाचीच आहेत, हे मला कळत होतं. कळूनही बोट जायचं थांबत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी ती एका सहकाऱ्याला दाखवली. त्यांनी हात लावून पाहिली, सोनोग्राफी करायला लावली, गाठीची लांबी-रुंदी कागदावर लिहून दिली आणि म्हणाले, "लायपोमा आहे. आता विसरा." मी विसरलो. म्हणून सांगतो, भीती वाटणं हा वेडेपणा नाही. पण ती घालवण्याचा उपाय मोबाइलवर नाही, दुसऱ्याच्या जाणत्या हातात आहे. आपली गाठ आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही, हा नियम डॉक्टरलाही लागू आहे.

"दुखत नाही" हा पुरावा नव्हे

आता दुसऱ्या वाटेनं जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडे एक समज फार घट्ट आहे: दुखतं ते वाईट, दुखत नाही ते किरकोळ. गाठींच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. काही साध्या चरबीच्या गाठी, ज्यांच्यात बारीक रक्तवाहिन्या जास्त असतात, त्या दाबल्यावर चांगल्याच दुखतात आणि तरी निरुपद्रवी असतात. आणि कॅन्सरच्या कितीतरी गाठी सुरुवातीला अजिबात दुखत नाहीत.

साठीच्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. मांडीच्या मागच्या बाजूला सूज होती. त्यांच्या दिरांच्या पाठीवर चरबीची गाठ होती, तेव्हा हीसुद्धा तशीच, असं घरात सगळ्यांनी धरलेलं. दोन वर्षांत ती छोट्या नारळाएवढी झाली होती. पाटावर बसताना अवघडायला लागलं म्हणून सुनेनं आणलं. गाठ कातडीखाली नव्हती, खोल स्नायूंत होती. एमआरआय केला, सुईनं तुकडा काढून तपासला. लायपोसार्कोमा निघाला, म्हणजे चरबीच्या पेशींचा कॅन्सर. कॅन्सरच्या मोठ्या केंद्रात ऑपरेशन झालं. पाय वाचला, आज काकू घरात हिंडून-फिरून आहेत आणि ठरलेल्या तारखांना तपासणीला जातात. इतके दिवस का थांबलात, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दुखतच नव्हतं हो."

इथे एक गैरसमज लगेच दूर करतो. साधी चरबीची गाठ बिघडून पुढे कॅन्सर होतो, असं सहसा घडत नाही. लायपोसार्कोमा बहुतेक वेळा पहिल्यापासूनच वेगळा असतो, फक्त दिसायला भावासारखा. म्हणून प्रश्न "माझी गाठ पुढे बिघडेल का?" हा नाही. "ही नक्की तीच गाठ आहे का?" हा आहे.

कोणती गाठ लगेच दाखवायची?

• ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, म्हणजे साधारण मोठ्या लिंबाहून मोठी
• काही महिन्यांत भराभर वाढलेली
• खोल असलेली, स्नायू ताणला की न हलणारी
• टणक किंवा खालच्या भागाला घट्ट चिकटलेली
• एकदा काढून त्याच जागी पुन्हा आलेली
• स्तनातली कोणतीही गाठ, पुरुषांच्या छातीवरचीसुद्धा
• मान, काख किंवा जांघेतली गाठ, विशेषतः संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट असेल तर. आपल्या देशात मानेतल्या न दुखणाऱ्या गाठींमागे टीबी पुष्कळदा सापडतो
• लहान बाळाच्या कमरेवर, मणक्याच्या मध्यावर असलेली मऊ गाठ. तिचा संबंध आत मज्जारज्जूशी असू शकतो, एमआरआयशिवाय तिला हात लावायचा नसतो

याशिवाय काही गाठी चरबीच्या वाटतात पण नसतात. मध्यभागी काळा ठिपका असेल आणि दाबल्यावर वास येणारा पांढरा घट्ट पदार्थ येत असेल, तर ती सिस्ट आहे. ती घरी पिळू नका, पिकते. पोटाच्या मध्यरेषेवर, बेंबीच्या वर लहानशी मऊ गाठ असेल आणि खोकल्यावर जाणवत असेल, तर तो हर्निया असू शकतो.

चाकू लागला की पसरते?

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. या समजुतीमागे एक कारण आहे. पूर्वी माणसं फार उशिरा यायची, रोग आधीच पसरलेला असायचा, आणि दोष ऑपरेशनवर यायचा. साधा लायपोमा काढल्यानं काहीही पसरत नाही. मात्र मोठी, खोल गाठ "चरबीचीच असेल" म्हणून तपासणीविना घाईनं कापणं खरोखर चूक आहे. तिथे आधी एमआरआय, मग नीट जागा ठरवून सुईची बायोप्सी आणि त्यानंतर ऑपरेशन, असाच क्रम हवा.

काढायची की ठेवायची?

साधी, लहान, न वाढणारी गाठ ठेवली तरी चालते. माझी मी ठेवली आहे. पट्ट्याखाली घासत असेल, दुखत असेल, वाढत असेल, चारचौघांत दिसून संकोच वाटत असेल किंवा निदानाची शंका असेल, तर काढावी. लहान गाठीला फक्त त्या जागेपुरती भूल पुरते. आवरणासकट गाठ बाहेर येते, तुम्ही त्याच दिवशी घरी जाता आणि साधारण आठ-दहा दिवसांनी टाके निघतात. आवरण पूर्ण निघालं तर त्याच जागी गाठ सहसा परत येत नाही. व्रण मात्र राहतो, आणि खांद्यावर, छातीवर तो कधी जाड होतो, हे आधीच विचारून घ्या. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवली का, हेही जरूर विचारा.

बिब्बा लावणं, चुना लावणं, दोरा बांधणं, रगडून जिरवणं यातलं काहीही करू नका. गाठ तशीच राहते आणि वरची कातडी भाजते. बिब्ब्यानं पोळलेली पाठ बरी करायला गाठ काढण्यापेक्षा जास्त दिवस लागलेले मी पाहिले आहेत.

येण्यापूर्वी घरी एवढं करा. शिवणकामाच्या टेपनं गाठ मोजा, तारीख घालून लिहून ठेवा, शेजारी टेप धरून एक फोटो काढा. अंगावर आणखी कुठे गाठी आहेत का आणि घरात कोणाला आहेत का, तेही पाहून या. "वाढली असं वाटतं" यापेक्षा "मार्चमध्ये २ होती, आता साडेतीन आहे" हे वाक्य आम्हाला फार उपयोगी पडतं. लेख वाचून निदान होत नाही, त्यासाठी हातच लावावा लागतो. लहान गाठ असेल तर पहिल्या तपासणीला बहुधा दहा मिनिटं पुरतात. तेवढी काढा.