अजिंठा शाखेची मुदत ठेव

बी.कॉम. झालेल्या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट जमा आणि नावे या दोनच रकान्यांत दिसते. ताजमहाल पाहिला तरी त्याच्या मनात पहिला विचार येतो, ‘एवढं बांधकाम! तारण काय दिलं असेल?’ त्यामुळे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आमचं सगळं कुटुंब पद्मपाणीसमोर माना वाकड्या करून उभं असताना मी भाच्याजवळ सरकलो. भाचा गोव्याला, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रतळाचा गाळ तपासतो. (नातेवाईक ओळख करून देताना ‘मोठा शास्त्रज्ञ आहे’ एवढंच सांगतात. गाळाचा भाग गाळतात.)

तो चित्राकडे पाठ करून काळा दगड न्याहाळत होता. “मामा, हा सगळा लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आणि त्याच सुमारास समुद्रात आमच्या फोरॅमिनिफेरांचं दिवाळं वाजलं.”

दिवाळं म्हटल्यावर मी कान टवकारले.

हे फोरॅमिनिफेरा म्हणजे एकपेशीय जीव. समुद्रात तरंगणारे बहुतेक रव्याच्या कणाएवढे किंवा त्याहून लहान. पण प्रत्येकाला स्वतःचं चुन्याचं घर! आधी एक खोली, वाढला की दुसरी, मग तिसरी. ना नगरपालिकेची परवानगी, ना गृहकर्जाचा हप्ता. आयुष्य काही आठवड्यांचं. जीव गेला की घर तळाशी जातं. खोल समुद्रात हजार वर्षांत फार तर दोन-चार सेंटिमीटर थर साचतो. साधारण चार-पाच किलोमीटरांच्या खाली मात्र कवचं विरघळूनच जातात. म्हणजे कपात तिथेही आहे.

तर त्या दिवाळ्यात तरंगणाऱ्या जातींपैकी जवळजवळ सगळ्या बुडाल्या. मुख्य आरोपी मेक्सिकोत आदळलेली उल्का. आमचे दख्खनचे ज्वालामुखी सहआरोपी की नुसते साक्षीदार, यावर शास्त्रज्ञांत अजून तारखा पडताहेत. आंध्रात राजमहेंद्रीजवळ लाव्हाच्या थरांमध्ये चुनखडी सापडते, तिच्यात संकटानंतर पुन्हा मांडामांड केलेल्यांची कवचं आहेत. घरं आधीच्यापेक्षा बारकी. दिवाळ्यानंतर माणूस वन-रूममध्ये जातो तसंच हे.

“पण मामा, दगडानं परतफेडही चालवलीय,” भाचा खालच्या वाघूर नदीकडे बोट दाखवत म्हणाला. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी हा दगड कणाकणानं झिजवतं, दगडातलं कॅल्शियम वाघूरमधून तापीत आणि तापीतून सुरतेपुढे अरबी समुद्रात जातं. तिथे त्याच मालातून नवी घरं उठतात. म्हणजे कारागिरांनी छिन्नीनं काढला त्यापलीकडचा डोंगर पाऊस विनावेतन काढतोय, आणि समुद्रतळाशी मुदत ठेवीत टाकतोय. मला तर त्या नदीला नमस्कार करावासा वाटला. इतकी नियमित खातेदार आमच्या शाखेत एकही नाही.

या ठेवीचं पासबुकही वाचता येतं. ग्लोबिजेरिना बुलॉयडिस नावाची एक जात आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की अरबस्तानच्या किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि हिची चंगळ होते. गाळाच्या थरात ही जास्त, तर त्या काळी मान्सूनचे वारे जोरदार.

आमच्या बँकेची निम्मी पीककर्जं त्याच वाऱ्यावर उभी असल्यानं मी लगेच विचारणार, तोवर सौ.नेच विचारलं, “मग यंदा पाऊस कसा आहे रे?”

“मामी, दहा हजार वर्षांपूर्वीचा विचारा, सांगतो!”

फर्दापूरला परतताना बसमध्ये तो जरा गप्प होता. मग म्हणाला, “हवेतला कार्बन डायऑक्साइड आपण फार वाढवलाय. तो समुद्रात मुरतो आणि चुन्याचं घर बांधणं अवघड होतं.” याच बुलॉयडिसची दक्षिण महासागरातली आजची कवचं जुन्या गाळातल्यांपेक्षा ३० ते ३५ टक्क्यांनी हलकी भरली, ते संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं.

आमच्या शाखेच्या ठेवींत तीस टक्के घट आली असती, तर सोमवारी सकाळी विभागीय कार्यालयाची गाडी दारात उभी राहिली असती. मॅनेजरची बदली तर ठरलेलीच.

“मग तुम्ही लोक काय करता?” मी विचारलं.

“मोजतो. सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या बारीक ब्रशनं एकेक उचलून. एका नमुन्यात निदान तीनशे.”

“आणि तीनशे झाले की?”

“पुढचा सेंटिमीटर.”