साचलेल्या पाण्याचा प्रवास

शब्दांची कुळे शोधण्याच्या छंदात एक आडवळणाचे सुख असते. शब्द जितका क्षुल्लक, तितका त्याचा प्रवास लांबचा. लॅटिनमधला 'स्टाग्नुम' हा असाच एक शब्द. अर्थ साधा : साचलेले पाणी, डबके, तळे. इ.स. ६४च्या आगीनंतर नीरोने आपल्या सुवर्णप्रासादाच्या आवारात जे कृत्रिम तळे करविले, त्यालाही रोमन लेखक हाच शब्द योजतात. पुढे ते तळे नाहीसे झाले आणि त्या जागी कलोसियम उभे राहिले. शब्द मात्र टिकला.

रोमचे साम्राज्य विस्कटल्यावर प्रांतोप्रांतीच्या जिभांनी तो आपापल्या परीने घडविला. इटालियनमध्ये 'ग्न'चा 'न्य' झाला आणि 'स्तान्यो' उरला. कातालानमध्ये 'एस्तान्य' झाला. आरंभीच्या जोडाक्षराला स्वराचा टेकू देण्याची ही खोड आपल्याला परकी वाटू नये. हिंदी भाषक 'इस्टेशन' म्हणतो तो याच सोयीसाठी. गंमत अशी, की उत्तर लॅटिनमध्ये कथलालाही 'स्टाग्नुम' म्हणत, 'स्टान्नुम' हे त्याचेच दुसरे रूप. त्यामुळे इटालियन 'स्तान्यो' एकाच वेळी तळेही आहे आणि कथीलही. स्पॅनिशमधल्या 'एस्तान्यो'त कथील तेवढे राहिले. रसायनशास्त्रातील 'एसएन' ही कथलाची संज्ञा त्याच 'स्टान्नुम'ची.

येथवर सारे सरळ आहे. पण स्पॅनिशमध्ये तळ्याला म्हणतात 'एस्तांके', आणि हा शब्द 'एस्तांकार' म्हणजे अडविणे, थोपविणे या क्रियापदापासून आलेला. याच क्रियापदाचे दुसरे अपत्य 'एस्तांको' : सरकारी मक्त्याचे तंबाखूचे दुकान. पाणी अडविले तर तळे, व्यापार अडविला तर मक्ता! फ्रेंच 'एतां'चे मूळ काही अभ्यासक 'स्टाग्नुम'पाशी नेतात, काही या अडविण्यापाशी. दोन झरे एकाच खळग्यात उतरले की कोणते पाणी कोणाचे, हे सांगणे अवघड होते.

पोर्तुगीजांनी आरंभीचा 'एस्' गाळून 'तांके' केले. (आपल्याकडे 'स्टेशन'चे 'टेसन' होते, तसेच.) हा शब्द जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरला तेव्हा येथे गुजरातीत 'टांकी' आणि मराठीत 'टाके' नांदत होते. अर्थ तोच, नादही जवळजवळ तोच. इंग्रजी 'टँक' यांपैकी कोणाचा वंशज? यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये दोन्ही बाजूंचा ऊहापोह केला आहे. देशी शब्दाने बीज दिले आणि पोर्तुगीज शब्दाने त्याला बळ दिले, असे मानण्याकडे पुष्कळ कोशकारांचा कल दिसतो. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी नवे चिलखती वाहन गुप्त ठेवण्यासाठी त्याला पाण्याची टाकी असल्याचे भासविले. सप्टेंबर १९१६मध्ये ते सोमच्या रणांगणावर उतरले आणि नाव कायमचे चिकटले.

हे वाचताना मराठी माणसाची छाती फुगते, हे आम्ही जाणून आहोत. 'शब्द आमचाच' ही ललकारी आपल्याला फार प्रिय. तिच्यापायी आपण कोशातले 'बहुधा' वगळतो आणि तर्काला पुरावा म्हणून मिरवतो. व्युत्पत्ती हा वारसाहक्काचा दावा नव्हे, याचे भान त्या उत्साहात सुटते. आणि ज्याच्यासाठी भांडायचे, ती वस्तू आपण कशी राखली? कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याची टाकी खोदवून देणाऱ्या दात्यांनी ब्राह्मी लिपीत आपले दान नोंदविले. त्या लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. हा शब्द आज आपल्यापैकी कितीजण ओळखतील? 'टँक' आमचाच म्हणणाऱ्याला 'पोढी' ठाऊक नसावी, हे आम्हांस अधिक बोचते. गडांवरच्या कित्येक टाक्यांत आज गाळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या साचल्या आहेत.

शब्द कोणाचा, हा वाद कोशकारांनी खुशाल चालवावा. तो मिटेल तेव्हा मिटेल. टाके उपसायला मात्र त्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.