लाल पेशी जास्त, तरी हिमोग्लोबिन कमी

प्रिय नीलू,

तुझ्या लेकीचा, सईचा रिपोर्ट मिळाला. 'लाल पेशी ५.९, म्हणजे रक्ताला काही तोटा नाही. मग हिमोग्लोबिन कमी कसं?' असं विचारलंयस. नेमकं विचारलंस! लॅबमध्ये माझी उभी हयात गेली, पण असं विचारणारे फार थोडे भेटले. बाकीचे ठळक अक्षरांत काय छापलंय तेवढंच बघतात आणि घाबरून घरी जातात.

आधी एककांचा घोळ निस्तरू. सईच्या टोरांटोला हिमोग्लोबिन दर लिटरमागे लिहितात, म्हणून ११२. आपल्याकडे डेसिलिटरमागे लिहितात, म्हणून त्यालाच ११.२ म्हणतात. पेशींचा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच. ५.९ म्हणजे एका मायक्रोलिटरात ५९ लाख. आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टांवर बायकांसाठी ३.८ ते ४.८ छापलेलं असतं, म्हणजे सईच्या पेशी चांगल्याच जास्त आहेत. पाणी कमी प्यायलं, सिगारेट ओढली किंवा उंच डोंगराळ गावात राहिलं, तरी पेशी वाढतात. पण मग हिमोग्लोबिनही त्यांच्याबरोबर वर जातं. इथे ते खाली आहे.

याचं उत्तर त्याच रिपोर्टात, 'एमसीव्ही'च्या ओळीत आहे. हा एका पेशीचा सरासरी आकार. तो ८० ते १०० च्या दरम्यान हवा, सईचा आहे ६२. शंभर लाडू वळले म्हणून कौतुक करावं आणि एकेक लाडू सुपारीएवढा निघावा, तसं झालंय हे.

आता तू म्हणशील, लोह कमी असेल, बीट-खजूर सुरू करते. थांब. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात हे खरं, पण सहसा त्यांची संख्याही घटते, कारण कच्चा मालच नसतो. पेशी लहान आणि तरीही भरपूर असतील, तर पहिला संशय थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचं वाहक असण्याचा. मेंट्झर नावाच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये एक सोपा भागाकार सुचवला: एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्याने भागायचं. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाकडे कल, वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे. सईचं येतं साडेदहा. हा नुसता अंदाज, निदान नव्हे. निदानासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी करावी लागते. तिच्यात हिमोग्लोबिन ए-२ साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं तर सई वाहक. सोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासा, कारण लोह फार कमी असेल तर ए-२ चा आकडा खाली येऊन फसवतो. फेरिटिन नीट असेल, तर लोहाच्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही.

'हे सिंधी लोकांत असतं, आपल्यात कुठलं?' असं म्हणू नकोस. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली यांच्यात प्रमाण जास्त आहे, पण बाकीचे सुटलेत असं नाही. शिवाय हे आई किंवा वडिलांकडून येतं. तुला लहानपणापासून 'रक्त कमी' म्हणून टॉनिकं पाजली, आणि तू कधी दमली नाहीस, आठवतंय ना? तुझीही तपासणी करून घे.

सई वाहक निघाली तरी ती आजारी नाही. तिचं आयुष्य आहे तसंच चालेल. प्रश्न पुढे होणाऱ्या बाळाचा आहे. नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मुलाला थॅलेसेमिया मेजर हा गंभीर आजार असण्याची, आणि अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यात जावई नागपूरचे. विदर्भात सिकल सेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहक बरेच आढळतात, त्यांची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी बहुधा अगदी नॉर्मल येते, आणि सिकल व थॅलेसेमिया एकत्र आले तरी मूल आजारी होऊ शकतं. म्हणून जावयांची नुसती सीबीसी पुरणार नाही, त्यांचीही एचपीएलसीच हवी.

बाळाचा विचार चालू आहे म्हणालीस, तर दिवस राहण्याआधीच दोघांची तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवा. आणि तोवर लोहाचं टॉनिक कपाटातच राहू दे.

तुझी,
सुमन