अर्धा क्लच

आमच्या घरी १९८६ सालची बजाज चेतक आहे. वडिलांनी नंबर लावला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. स्कूटर घरी आली तेव्हा मी हँडलमागे उभा राहण्याएवढा झालो होतो. अलीकडे ती एकाएकी भलतंच पेट्रोल प्यायला लागली. बायको म्हणाली, विजेची घ्या. पण मी पडलो बी. कॉम.; ताळा जुळेपर्यंत मला जेवण जात नाही. टाकीत जमा होतं ते चाकापर्यंत पोचत नाही, मग मधल्या मधे खातं कोण? संशयित एकच, गिअरबॉक्स. महालातल्या मिस्त्रीकडे फिर्याद नेली.

"त्याला काहून बोल लावता जी?" मिस्त्री म्हणाला. "दातांची एक जोडी शंभरातले एक-दोन खाते. थोडं ऑइल घुसळण्यात जाते. हिला तर साखळीबी नाही." मग त्यानं क्लचच्या प्लेटा काढून माझ्या पुढ्यात ठेवल्या. कॉर्क जळून कोळसा! "सिग्नलवर क्लच अर्धा दाबून उभे राहत असाल."

राहत होतो. व्हेरायटी चौकात न्यूट्रल करायचं आणि तेवढ्यात हिरवा दिवा लागला तर? मिस्त्रीनं हिशेब सांगितला : प्लेटा घसरत असताना चाकाकडची बाजू इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरली, तर निम्मी ताकद नुसती उष्णता होते, चाक थांबलेलं असलं तर सगळीच. नागपुरात, मे महिन्यात, पैसे मोजून उष्णता तयार करणारा बहुधा मी एकटाच!

दुसऱ्या दिवशी काउंटरवर कामठीच्या मावशी आल्या. फॅमिली पेन्शनसाठी सहाव्यांदा. एका कागदावर त्यांच्या नावापुढं 'बाई' आहे, दुसऱ्यावर नाही. पाच वेळा मी म्हणालो होतो, "बघू." 'नाही' म्हटलं असतं तर त्या वरती साहेबांकडे गेल्या असत्या; 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. 'बघू' म्हणजे अर्धा क्लच. आमच्याकडे कागद चार टेबलं फिरतो, प्रत्येक टेबल थोडं थोडं खातं, ते चालायचंच. पण इथं कागद माझ्याच ड्रॉवरमध्ये घसरत होता, आणि जळत होतं ते मावशींचं बसभाडं.

दोन्ही नावं एकाच बाईची, अशा प्रतिज्ञापत्राचा मजकूर मी स्वतः लिहून दिला. मावशींनी तो आणला, आणि दुपारी कागद साहेबांच्या टेबलावर गेला.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आज काय झालं हो तुम्हाला?"

"काही नाही साहेब," मी म्हटलं, "प्लेटा बदलल्या."