कर्जत-खालापूर : पाऊस, वीज आणि उकळलेले पाणी

रायगड जिल्हा म्हटले की डोळ्यांसमोर समुद्र येतो. परंतु कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना समुद्र नाही. त्यांच्या पाठीशी आहे ती सह्याद्रीची उत्तुंग भिंत. नैऋत्येचे ढग या भिंतीवर अडतात आणि चार महिने धो धो कोसळतात. माथेरानच्या पायथ्याचे नेरळ, उल्हास नदीकाठचे कर्जत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील चौक व खालापूर, बोरघाटाच्या तोंडाशी वसलेली खोपोली ही सारी गावे या पावसावर जगतात आणि त्याच्यापुढे हतबलही होतात.

या भूमीचे विजेशी जुने नाते आहे. घाटमाथ्यावरील तलावांत साठविलेले पावसाचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणून त्यावर जनित्रे फिरविण्याची योजना टाटांनी आखली. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, तर कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ साली. खोपोलीचे पाणी पुढे पाताळगंगेला मिळते. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाल्याच्या काठी उन्हाळी भात पिकतो. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविणारा हा प्रदेश. तरीही वादळवाऱ्यात झाड तारेवर पडले की येथील घरे अंधारात बुडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्यातील अनेक गावांनी कित्येक दिवस विजेविना काढले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

येथे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गारठा असतो. पण खोली तापविण्याची गरज सहसा भासत नाही. घोंगडी, रजई आणि नीट बंद होणारी खिडकी एवढे पुरते. घराला खरी ऊब हवी असते ती पाण्यासाठी. आपल्या घरांत तर तिला धर्माचरणाचेही अंग आहे. उपवास, आयंबिल, एकासणे करणाऱ्यांना उकळलेले अचित्त पाणीच चालते. श्वेतांबर परंपरेनुसार अशा पाण्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात केवळ तीन प्रहर. म्हणजे चातुर्मासात पाणी अधिक वेळा उकळावे लागते. तपश्चर्याही याच दिवसांत अधिक होतात. आणि नेमके तेव्हाच कर्जत-खालापुरात सूर्य दिसत नाही व विजेचा भरवसा नसतो. पर्यायी साधनांचा विचार या एका गोष्टीपासून सुरू केला पाहिजे.

सौर बंब घ्यावाच. ऑक्टोबर ते मे तो उत्तम काम देतो. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास सुमारे तीन युनिट वीज लागते. ती रोजची बचत. पाणी टाकीत चढविण्यापूर्वी गाळून घ्यावे. सौर बंबातील पाणी उकळलेले नसते, हेही ध्यानात असावे; मात्र ६० अंशांचे पाणी चुलीवर ठेवले तर २५ अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ निम्म्या इंधनात ते उकळते. बोअरवेलचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतात. त्यांची सफाई वेळच्या वेळी करावी.

विजेचा गिझर सोयीचा. परंतु तो सौर बंबाला पर्याय आहे, वीज जाण्याला नव्हे. घरगुती इन्व्हर्टर दिवे-पंख्यांसाठी असतो. दोन हजार वॉटचा गिझर त्यावर चालविण्याचा विचारही करू नये.

म्हणून पावसाळ्यातील खरा आधार गॅसचा. शंभर लिटरच्या वरील कामास साधारण तीनशे ग्रॅम गॅस पुरतो, १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये असे ४७ दिवस निघतात. चातुर्मासापूर्वी भरलेला दुसरा सिलिंडर घरात असणे ही सर्वांत स्वस्त विमा-पॉलिसी होय. गॅस गिझर मात्र न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नये. कोंदट जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास, आणि तो झोपेसारखा प्राण घेतो. बंद खोलीत पेटत्या शेगडीशी निजण्यातही हाच धोका आहे.

उरला तांब्याचा जुना बंब. अनेक घरांच्या माळ्यावर तो आजही आहे. वीज, गॅस, सूर्य काही नसले तरी तो चालतो, हे खरे. परंतु पावसाळी ओलसर लाकडांत किती जीव वसतात, याचा विचार आपण करावयास हवा. प्रत्येक ढलपी पाहून, झटकून, कोरडी असेल तरच वापरावी.

कोळशाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत पहिले अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडण्याचा धंदा, आणि दुसरे वनकर्म. शास्त्रकारांनी हे कशासाठी सांगितले, ते या तालुक्यांत राहणाऱ्यास वेगळे समजवावे लागत नाही. येथील कातकरी कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबून दिवस काढले. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी मुलाबाळांसह ती दूरवर जातात. मुलांची शाळा तेथेच सुटते. बँकेत आयुष्य गेलेल्या मला उचल हा शब्द कर्जाचाच वाटतो. फरक इतकाच की त्याचा खातेउतारा ऋणकोला कधी दिसत नाही. कोळशाचे पोते स्वस्त असते, कारण त्याच्या किमतीतला हा भाग कोणी मांडलेलाच नसतो. आपण भट्टी लावत नसलो तरी ग्राहक म्हणून त्या साखळीत उभे असतो.

तेव्हा माझी सूचना अशी : आठ महिन्यांसाठी सूर्य, चार महिन्यांसाठी गॅस, वीज असेल तेव्हा गिझर, आणि अगदीच अडले तर कोरड्या, तपासलेल्या लाकडांवर बंब. कोळसा घरात नको. याहून मोठी बचत मात्र कोणत्याही यंत्रात नाही. दोन बादल्यांऐवजी एका बादलीत स्नान उरकले, पिण्यापुरतेच पाणी उकळले, तर इंधन वाचते आणि अग्निकाय व अप्काय जीवांची विराधनाही घटते. जमाखर्चाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी लाभ दाखविणारी अशी नोंद आम्हा हिशेबी माणसांना क्वचितच सापडते.