पिवळा डाग

कारंजा (लाड) येथे अडतीचा जुना व्यवसाय असलेल्या एका कुटुंबातील तरुणाने दिवाळीनंतरच्या दिवसांत एक संकल्प केला. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९७९ सालच्या ‘द वॉल’ या संग्रहात ‘कम्फर्टेबली नम्ब’ हे गीत आहे. त्याच्या अखेरीस डेव्हिड गिल्मर यांनी इलेक्ट्रिक गिटारवर केलेले सुमारे दोन मिनिटांचे एकल वादन जगभर नावाजले गेले. ते जसेच्या तसे वाजवून ध्वनिमुद्रित करावयाचे, असे त्याने ठरविले.

दिवसभर सोयाबीनची आवक, हर्रासी, काटा आणि हिशेबपट्ट्या. रात्री जेवणे आटोपल्यावर वरच्या खोलीत साधना सुरू होई. गिटार ऑडिओ इंटरफेसमार्गे लॅपटॉपला जोडायची, कानांवर हेडफोन चढवायचा आणि गिटार वगळलेल्या साथसंगीतावर वाजवायचे. पहिले आठ दिवस एका अखंड गुणगुणीशी झगडण्यात गेले. वायरमन येऊन खोलीचे आर्थिंग नीट करून गेला, तेव्हा कुठे ती थांबली. पुढची अडचण बोटांची होती. या वादनात तार आडवी ओढून स्वर वर चढवावा लागतो, सतारीवर मींड घेतात तसा. ओढ केसभर कमी पडली की स्वर कच्चा राहतो. बोटांची टोके सोलवटली, पुढे त्यांना घट्टे पडले. परंतु सगळे वादन एका दमात निर्दोष काही उतरेना.

अखेर एका रात्री त्याने अकरा वेळा केलेल्या मुद्रणांतून उत्तम तेवढे तुकडे निवडले आणि संगणकावर एकमेकांना जोडले. सांधा कुठेच ऐकू येत नव्हता. दुसऱ्या दिवशी घरात सर्वांनी ते कौतुकाने ऐकले. आजोबांनी विचारले, “हे सगळं एका दमात वाजवलंस?”

“हो, आजोबा,” तो म्हणाला.

त्या उत्तराने त्याची झोप उडाली. पुढे वाचता वाचता त्याला एक गोष्ट समजली. खुद्द गिल्मर यांनीही या जागेसाठी पाच-सहा वेळा निरनिराळे वादन मुद्रित केले होते. मग प्रत्येकातील चांगल्या जागांवर खुणा करून, त्या एकत्र आणून आज ऐकू येते ते वादन सिद्ध केले. आणि ही हकिगत त्यांनी स्वतःच मुलाखतीत सांगितली होती. तरुणाला हायसे वाटले. आजोबांजवळ जाऊन त्याने खरे काय ते सांगितले आणि लगेच पुस्ती जोडली, “पण आजोबा, मूळ वादनही जोडलेलंच आहे.”

आजोबा काही वेळ गप्प राहिले. मग हस्तलिखितांविषयी बोलू लागले. कारंज्याच्या मंदिरांतील शास्त्रभांडारे विख्यात आहेत. महाकवी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ हे अपभ्रंश काव्य प. ल. वैद्य यांनी संपादित केले, ते १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेतूनच प्रकाशित झाले. आजोबांनी लहानपणी अशा जुन्या पोथ्या पाहिल्या होत्या.

“लिहिताना अक्षर चुकलं, की लिपिकार त्यावर हरताळ फासायचा आणि वर नवं अक्षर लिहायचा,” ते म्हणाले. “त्यासाठी त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. पण हरताळ पिवळा असतो, बाळ. दुरुस्ती कुठे झाली, ते वाचणाऱ्याला दिसतं. आपल्या धंद्यातही दोन गावांचा माल एकत्र करून विकता येतो, एकाच गावचा म्हणून विकता येत नाही. तुझ्या जोडकामात मला काही खोट दिसत नाही. मी विचारलं तेव्हा तू ‘हो’ म्हणालास, तेवढंच खुपलं.”

त्या रात्री त्याने मुद्रणात काहीच बदलले नाही. फक्त नावापुढे एक ओळ लिहिली : ‘अकरा वादनांतून जोडलेले.’ मगच ते मामेभावंडांना आणि मित्रांना पाठविले. एका दमात वाजविण्याचा सरावही त्याने सोडलेला नाही; दुकान बंद झाल्यावर वरच्या खोलीत अजून दिवा दिसतो.

आजोबांनी ते मुद्रण पुन्हा एकदा मागवून ऐकले. या खेपेस त्यांनी नातवाला शेजारी बसविले आणि प्रत्येक सांधा कुठे आहे, ते एकेक करून विचारून घेतले.