काका, हे सकाळचं आहे

गिऱ्हाइकाच्या बाबतीत माझ्या बाबांचे तीन नियम आहेत. माणूस पायरी चढला की आधी त्याच्याकडे पाहायचं, मग कढईकडे. तो ज्या भाषेत बोलेल त्याच भाषेत उत्तर द्यायचं. आणि माल आधीचा असेल तर आधीचा आहे म्हणून सांगायचं. तरी मागितला तर पैसे कमी घ्यायचे. हे नियम भिंतीवर वगैरे लिहिलेले नाहीत. सुट्टीत गल्ल्यावर बसता बसता ते मला आपोआप पाठ झाले.

आमचं चहा-नाश्त्याचं हॉटेल रामाकोन्याला आहे. हॉटेल म्हणजे आमच्याकडे हाटेल. चार बाकं, एक कढई, पोहे-तर्री, आलूबोंडे, आणि बरणीत खारी-टोस्ट. नागपूरहून सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याकडे जायला लागलं की वाटेत आमचं गाव लागतं. वर्गात मी 'मध्य प्रदेशातली' म्हटलं की लोक विचारतात, "मग तुझं मराठी एवढं चांगलं कसं?" त्याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. 1956 पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, शाळेत हिंदी. 2023 मध्ये सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यातून निघून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी भाषेची ही विभागणी तशीच आहे. म्हणून बाबांचा दुसरा नियम आम्हाला गरजेचाच आहे. नागपूरकडचा माणूस "दोन प्लेट पोहे द्या" म्हणतो, छिंदवाड्याकडचा "भैया, दो प्लेट लगा दो" म्हणतो. बाबा दोघांनाही त्यांच्याच भाषेत विचारतात, "तर्री जादा?"

गेल्या वर्षी दादानं घरात एक विषय काढला. हॉटेलचं कॅफे करायचं. काचेचं काउंटर, इंग्रजी मेन्यू, एप्रन घातलेला पोरगा, आणि चहा दहाऐवजी चाळीसला. त्याचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. आमच्या धंद्यानं एक मोठी मार खाल्ली होती. 2015 च्या अखेरीस नॅरोगेजची छोटी गाडी बंद झाली. मोठी लाइन पूर्ण होऊन नागपूर-छिंदवाडा गाडी पुन्हा धावायला 2021 उजाडलं. मधल्या वर्षांत गाडीच्या वेळेला येणारं गिऱ्हाईक तुटलं, ते सगळं परत आलं नाही. आता रस्त्यानं चारचाकी जातात, त्यातली पोरं फोटो काढण्याजोग्या जागी थांबतात. बाबा यावर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "एकदा पाहू तरी थे कसं असते," एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर मला सोडायला ते मुंबईला आले तेव्हा ती संधी मिळाली. विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी उतरलो, सामान होस्टेलला टाकलं आणि दुपारी मी त्यांना दक्षिण मुंबईतल्या एका फ्रेंच बेकरीत घेऊन गेले. नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

आत थंडगार. लोण्याचा वास असा की भूक नसलेल्यालाही लागावी. काचेमागे ओळीनं मांडलेले प्रकार, त्यांच्यासमोर लहान पाट्या, सगळी नावं फ्रेंच, खाली इंग्रजीत माहिती. मराठी नाही, हिंदी नाही. आमच्या पुढे दोन जण होते. दोघांच्याही कानात फोन. एकानं काचेवर बोट ठेवलं, दोन बोटं दाखवली, कार्ड पुढे केलं. काउंटरवरच्या मुलाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. दुसऱ्याचंही तसंच.

मग बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "रामराम."

मुलगा क्षणभर थांबला. "गुड आफ्टरनून, सर."

"हे काय होय गा?"

"सर, दॅट्स अ बटर क्रोसाँ."

"आन् हे, चौकोनी?"

"पॅं ओ शोकोला, सर. चॉकलेट इनसाइड."

मराठी प्रश्न, इंग्रजी उत्तर, असं थोडा वेळ चाललं. बाबांना सगळं कळत होतं असं नाही, पण ते बोट दाखवत राहिले. शेवटी त्यांनी दोन क्रोसाँ मागितले. त्या मुलानं चिमटा उचलला, कॉफीच्या मशीनकडे उभ्या असलेल्या मॅनेजरकडे एक नजर टाकली आणि काचेवर जरा वाकून हळूच म्हणाला, "काका, हे सकाळचं आहे. दहा मिनिटं थांबाल? नवा ट्रे येतोय."

"थांबतो की. कुठचा तू?"

"कराडजवळचा."

आणि लगेच मोठ्यानं, "शुअर सर, प्लीज हॅव अ सीट!"

आम्ही बसलो. बाबा म्हणाले, "याले इथं मराठी बोलाची मनाई दिसते." मी म्हटलं, असेल. "मंग यानं माह्यासाठी काऊन तोडली?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

आता त्या बेकरीबद्दल. मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते आहे, तेव्हा खाण्याचं आधी. दहा मिनिटांनी आलेला क्रोसाँ उत्तम होता. वरचा पापुद्रा बोट लागताच चुरचुरला, आत जाळी पडलेली, तळहाताला तूप लागत नव्हतं आणि तोंडात लोणी कळत होतं. बाबांनी तो मधोमध फाडला आणि खाण्याआधी आतून पाहिला. "पदर बराबर सुटले," असा त्यांनी निकाल दिला. कॉफी मात्र कोमट. आणि पाणी! साधं पाणी तीन वेळा मागावं लागलं. दोनदा "बॉटल्ड, मॅम?" असा प्रश्न आला. तिसऱ्यांदा त्याच कराडच्या मुलानं ग्लास आणून ठेवला.

बिलात एका क्रोसाँचे 210 रुपये. आमचा आलूबोंडा 15 ला आहे, म्हणजे एका क्रोसाँत चौदा आलूबोंडे. हा हिशोब मी मनात केला, बाबांनी केला नाही. त्यांनी विचारलं, "हे करतात कसं?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मैदा, यीस्ट, दूध, साखर यांची कणीक मळायची, थंडीत ठेवायची. लोण्याची चपटी वडी करून ती त्या कणकेत गुंडाळायची. लाटायचं, पत्रासारखी तीन घडी घालायची, परत थंड करायचं. असं तीनदा. पहिल्या घडीत लोण्याचे तीन थर, दुसरीत नऊ, तिसरीत सत्तावीस. लोणी मऊ पडलं तर ते कणकेत मुरतं आणि पदर सुटत नाहीत. फार कडक असेल तर लाटताना तुटतं. मुंबईच्या उकाड्यात हे करायचं तर भटारखाना थंड ठेवावा लागतो. भट्टीत गेलं की कणकेतल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती एकेक पदर उचलते.

बाबा म्हणाले, "म्हणजे रोडगेच."

मी हसले, पण ते बरोबर होतं. आमच्याकडे मारुतीच्या नवसाला रोडग्यांचा स्वयंपाक करतात. कणकेच्या तीन-चार लाट्या, मधे तेल, एकावर एक, वरून पारी, आणि तो गोळा गोवऱ्यांच्या आरात भाजायचा. फोडला की पदर वेगळे होतात, वर तूप, बाजूला वांग्याची भाजी. आणि बरणीतली आपली खारी तर क्रोसाँची अगदी जवळची बहीण. तीच घड्यांची रीत. फक्त खारीत यीस्ट नाही, आणि लोण्याच्या जागी बहुतेक वेळा वनस्पती तूप. पदर फुलवणं ही एका देशाची मालकी नाही.

क्रोसाँ तरी जन्मानं फ्रेंच कुठे आहे? चंद्रकोरीच्या आकाराचा किप्फेर्ल नावाचा पाव व्हिएन्नात होता. ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं 1838-39 च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि हा प्रकार तिथे रुजला. पदरांचं आजचं रूप त्याला नंतर फ्रेंच बेकऱ्यांत मिळालं. आजही फ्रान्समध्ये अशा पदार्थांना जे नाव आहे त्याचा अर्थ 'व्हिएन्नाकडचे' असाच होतो. आणि 'पॅं ओ शोकोला'मधला 'पॅं' म्हणजे आपला पावच. पोर्तुगीज 'पाँव'वरून आपण पाव घेतला. तो आणि फ्रेंच 'पॅं' ही दोन्ही लॅटिन 'पानिस'ची लेकरं.

होस्टेलला परतल्यावर मी फ्रान्समधल्या बेकऱ्यांबद्दल आणखी वाचलं. तिथे 1993 च्या एका आदेशानं पारंपरिक पावात काय घालायचं ते ठरवलं आहे: पीठ, पाणी, मीठ आणि फुगवण्यासाठी खमीर किंवा यीस्ट, बारीकसारीक एक-दोन गोष्टींची मुभा, पण टिकवण्याची रसायनं नाहीत. 1998 च्या कायद्यानं, जिथे कणीक त्याच जागी मळून भाजली जाते त्याच दुकानाला 'बुलांजरी', म्हणजे पावाची बेकरी, म्हणवून घेता येतं. तयार गोठवलेला माल आणून नुसता गरम करणाऱ्याला ती पाटी लावता येत नाही. 2022 मध्ये बागेत नावाच्या लांब पावाच्या कारागिरीला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. तो पाव साधारण एका युरोच्या आसपास मिळतो, म्हणजे तिथल्या कमाईच्या मानानं स्वस्त. शिक्षक, प्लंबर, म्हातारी आजी, सगळे एका रांगेत उभे राहून तो घेतात. जेवायला बसलात तर नळाच्या पाण्याचा जग फुकट येतो.

आणि एक रीत आहे. दुकानात शिरताना गिऱ्हाइकानं आधी 'बाँझूर' म्हणायचं. नमस्कार. त्याशिवाय थेट "अमुक द्या" म्हटलं तर तो उद्धटपणा समजतात. दुकानदार नोकर नाही, तुम्ही त्याच्या जागेत आला आहात, असा त्यामागचा भाव.

हे वाचलं तेव्हा मला रांगेतले ते दोघे आठवले. लोणी फ्रेंच रीतीचं, पाट्या फ्रेंच, दिवे फ्रेंच. पण त्या दुपारी त्या बेकरीत फ्रान्समधल्यासारखं वागलेला एकच माणूस होता, आणि तो रामाकोन्याहून आला होता. त्यानं रामराम केला. त्या मुलानं इंग्रजीची मनाई मोडली ती बहुधा त्या रामरामासाठी.

आपण 'फ्रेंच' म्हणून आणलं काय, तर तिथली रोजची वस्तू आणली आणि तिला सणाची किंमत लावली. गल्लीतल्या बेकरीशी माणसाचं जे नातं असतं, ते बाहेरच राहिलं. खरं तर ते नातं आपल्याकडे आधीपासून आहे. गोव्यात सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन येतो, भोंगा ऐकला की आजी दार उघडते. धोबी तलावाला कयानी 1904 पासून उभं आहे. तिथे ब्रून-मस्का खाणाऱ्या कॉलेजच्या पोराला आणि कोर्टातल्या वकिलाला एकच टेबल मिळतं. या जागा कोणी फ्रेंच म्हणून ओळखत नाही. पण पॅरिसच्या गल्लीतली बेकरी यांच्याच जातीची आहे.

बिलासोबत एक चौकोनी कोड होता: तुमचा अनुभव कसा होता, तारे द्या, एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव घ्यावंसं वाटतं का? मी फोन काढला. त्या मुलाचं नाव एप्रनवर होतं. लिहिणार काय? की त्यानं आमच्याशी मराठीत बोलून आम्हाला आधीचा माल घेऊ दिला नाही? माझ्या दृष्टीनं ती त्या दुपारची सगळ्यात चांगली सेवा होती, आणि त्याच्या मॅनेजरच्या दृष्टीनं बहुधा दोन गुन्हे. ज्या कौतुकानं एखाद्याची नोकरी जाऊ शकते ते कौतुक त्या चौकोनात लिहिता येत नाही. मी तारे न देता फोन ठेवला. म्हणून हे इथे लिहिलं, नाव-गाव गाळून.

परत जाताना स्टेशनवर बाबांनी दादाच्या कॅफेचा निकाल दिला. काच लावायची; माशा बसत नाहीत, माल दिसतो, ते चांगलं आहे. एप्रनही घालायचं. दर थोडे वाढवायचे, पण चाळीसचा चहा नाही. पाणी बसल्याबरोबर द्यायचं, न मागता. मेन्यू मराठीत आणि हिंदीत, इंग्रजी हवं तर खाली. "आन् एक सांग त्याले," ते म्हणाले, "काचेमागं जो पोरगा उभा राहीन, त्याले 'हे घेऊ नका' म्हणाची परवानगी पायजे. नाही तर काच काहाची?"

होळीला घरी गेले तेव्हा काच लागली होती. दादानं मेन्यूत 'खारी' लिहिलं आहे, 'इंडियन क्रोसाँ' लिहायचा बेत बाबांनी हाणून पाडला.

तुम्हीही अशा बेकरीत जालच; जावं, क्रोसाँ चांगला असतो. काचेसमोर उभे राहाल तेव्हा कानातला फोन काढा आणि पलीकडच्याला आधी नमस्कार म्हणा. मग विचारा, आज ताजं काय आहे. उत्तर बहुतेक वेळा खरं मिळतं.